एंट्रॉपी संकेतन, व्हिडिओ संपीडनातील

व्हिडिओची फाइल लहान करण्याच्या प्रक्रियेतील अखेरचा टप्पा. आधीच्या फ्रेमवरून किंवा शेजारच्या भागावरून चित्राचा अंदाज बांधणे, अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक काढणे, डोळ्याला न जाणवणारा तपशील गाळणे ही कामे तोवर उरकलेली असतात. हाती उरलेले आकडे कमीत कमी बिटांत मांडणे एवढेच या टप्प्याचे काम. इथे काहीही गाळले जात नाही, त्यामुळे या टप्प्यावर वाचलेला बिट चित्राच्या दर्जाला धक्का न लावता वाचतो.

तत्त्व : नेहमी येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्याला लांब, ही युक्ती तारेच्या मोर्स लिपीतही होती, इंग्रजीत सर्वांत जास्त येणाऱ्या ‘ई’ला तिथे एकच टिंब आहे. क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये या युक्तीची गणिती सीमा दाखवली. चिन्हांच्या संभाव्यता ठाऊक असतील, तर दर चिन्हामागे सरासरी किती बिट लागतीलच याचा आकडा म्हणजे एंट्रॉपी. चार चिन्हांच्या संभाव्यता 1/2, 1/4, 1/8 आणि 1/8 असतील तर तो 1.75 येतो, सर्वांना सारखी लांबी दिल्यास 2 बिट लागतात.

डेव्हिड हफमन यांच्या 1952 च्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला पूर्ण संख्येतले बिट मिळतात. वरच्या उदाहरणात ती सीमेला नेमकी टेकते. पण ‘हो’ची शक्यता 95 टक्के असलेल्या हो-नाही प्रश्नात सुमारे 0.29 बिट पुरेसे असताना ती एक पूर्ण बिट खर्च करते. अंकगणिती संकेतनात ही अडचण राहत नाही. त्यात 0 ते 1 हा पट्टा संभाव्यतेच्या प्रमाणात विभागत जातात आणि अखेरीस उरलेल्या तुकड्यातली एक संख्या साऱ्या मालिकेचा संकेत ठरते. त्यामुळे बिटाचा अंशही हिशेबात धरता येतो. योर्मा रिसानेन आणि रिचर्ड पास्को यांनी 1976 मध्ये या पद्धतीची व्यवहार्य रूपे मांडली.

संदर्भाचे महत्त्व : अंकगणिती संकेतन सीमेच्या अगदी जवळ जाते, म्हणून पुढची सुधारणा संभाव्यतेचा अंदाज किती नेमका आहे यावर ठरते. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यासमोर तिपाईवर कॅमेरा लावला आहे असे समजू. फ्रेम लहान चौकोनांत विभागलेली असते आणि प्रत्येक चौकोनासाठी प्रश्न एकच : मागच्या फ्रेममधलाच तुकडा जसाच्या तसा घ्यायचा का? आकाश, घुमट आणि मिनार यांच्या चौकोनांत 98 टक्के वेळा उत्तर ‘हो’ येते. खालच्या वाटेवर पर्यटकांची ये-जा असते, तिथे निम्म्या वेळा. हजारांपैकी 800 चौकोन पहिल्या प्रकारचे धरून सर्वांना एकच सरासरी संभाव्यता लावली, तर सुमारे 518 बिट लागतात. दोन गट अचूक वेगळे केले तर 313 पुरतात. गट ओळखायला वेगळी माहिती पाठवावी लागत नाही. डावीकडच्या आणि वरच्या चौकोनाचे उत्तर उलगडणाऱ्यालाही आधीच मिळालेले असते. त्यावरूनच संदर्भ ठरतो. प्रत्यक्षात ही विभागणी इतकी काटेकोर होत नाही, म्हणून बचतही कमी होते.

मानकांतील वाटचाल : एमपेग-2 मध्ये आधीच ठरवलेले बदलत्या लांबीचे तक्ते होते. 2003 च्या एच.264 मानकात कॅबॅक ही पद्धत आली. डेटलेव्ह मार्पे, हायको श्वार्ट्‌स आणि थॉमस व्हीगांड हे तिचे प्रमुख शिल्पकार. प्रत्येक मूल्य हो-नाहीच्या मालिकेत बदलणे, संदर्भ निवडणे आणि अंकगणिती संकेतन करणे या तिच्या तीन पायऱ्या. प्रत्येक उत्तरानंतर त्या संदर्भाची संभाव्यता सुधारत जाते. त्याच मानकातल्या तक्ताधारित कॅव्हएलसीच्या तुलनेत तिने 9 ते 14 टक्के बिट वाचवल्याचे तिच्या कर्त्यांनी नोंदवले आहे.

या बचतीची किंमत वेगात मोजावी लागते. आधीचे उत्तर कळल्याशिवाय पुढची संभाव्यता ठरत नाही, त्यामुळे काम एकापाठोपाठ एक करावे लागते. 2013 च्या एच.265 मध्ये फक्त कॅबॅक ठेवले, पण संदर्भ लागणारे निर्णय कमी करून बिनसंदर्भाचे निर्णय एकत्र आणले. वरच्या ओळीतले दोन मोठे चौकोन झाले की खालची ओळ तिथली संभाव्यता उचलून समांतर सुरू होऊ शकते, अशीही सोय केली. 2020 च्या एच.266 मध्ये प्रत्येक संदर्भासाठी दोन अंदाज चालतात, एक चटकन बदलणारा आणि दुसरा सावकाश. दोहोंची सरासरी वापरली जाते. 2018 च्या एव्ही1 ने हो-नाहीऐवजी एका वेळी 16 पर्यंत पर्याय असलेली चिन्हे घेतली.

मर्यादा : गुणांक, म्हणजे फरकातून हाती उरलेला आकडा, धन की ऋण, याचा अंदाज सहसा लागत नाही. दोन्ही शक्यता जवळपास सारख्या असल्याने त्या धन-ऋण चिन्हावर एक बिट जातोच. कॅबॅक तो बिट संदर्भाविना तसाच पाठवते. एच.265 मध्ये यावर एक तोड आहे. गुणांकांच्या गटातील एक धन-ऋण चिन्ह पाठवायचेच नाही. निरपेक्ष मूल्यांची बेरीज सम असेल तर धन, विषम असेल तर ऋण समजायचे. बेरीज जुळत नसेल तर संकेतक एखादा गुणांक एकाने बदलतो. म्हणजे ही बचत मात्र निखळ एंट्रॉपी संकेतनाची नव्हे. तिच्यासाठी चित्रात किंचित फेरफार पत्करावा लागतो.