'बुक ऑफ रेचेल' आणि बेने-इस्रायलांची मराठी

कादंबरीस इतिहासाचे साधन मानावे की नाही, हा वाद जुना आहे. कैलासवासी राजवाड्यांनी १९०२ साली 'कादंबरी' या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. परंतु साधने म्हणून त्यांनी जन्मभर जमविली ती दप्तरेच. प्रस्तुत लेखकाचा कलही सामान्यतः तोच. तथापि दप्तर बाळगणारा समाजच देशांतर करून गेला, तर संशोधकाने कोणाच्या दारी जावे? एस्थर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचेल' (२००६) या इंग्रजी कादंबरीने हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला. ग्रंथकर्त्री अहमदाबादच्या बेने-इस्रायल कुळातील असून या ग्रंथास २०१० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

कथा थोडक्यात अशी. अलिबागनजीक दांडा येथे रेचेल नावाची विधवा समुद्रकाठी एकटी राहते. मुले इस्रायलास गेली, शेजारचे ज्ञातिबांधवही गेले. ओस पडलेल्या प्रार्थनामंदिराची झाडलोट व निगा ती एकटी करते. त्या जागेवर इमारती बांधू पाहणाऱ्यांचा डोळा पडतो, मंदिराची समिती विक्रीस अनुकूल होते, आणि ही बाई आडवी उभी राहते. तिच्या साहाय्यास एक वकील येतो, व त्या ओळखीतून जडलेल्या स्नेहावर पुढील कथाभाग चालतो. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक पाककृती दिली आहे. आम्हांस प्रथम ही क्लृप्ती बाजारी वाटली. परंतु मांस व दूध एकत्र न करण्याच्या धर्माज्ञेमुळे या समाजाने नारळाच्या रसाचा आश्रय कसा केला, हे ज्यास जाणावयाचे आहे त्यास या पाककृतींइतकी सोयीची टिपणे क्वचितच सापडतील.

नायिकेचे नावही विचारपूर्वक ठेवलेले दिसते. यिर्मयाच्या भविष्यग्रंथातील राहेल परदेशी नेलेल्या लेकरांसाठी रडते, आणि ती परत येतील असे तिला आश्वासन मिळते. येथे लेकरे त्या पुरातन भूमीस परत गेलीच आहेत, आणि आई मात्र कोकणच्या किनाऱ्यावर मागे राहिली आहे. आश्वासन खरे ठरले, तरी शोक उरलाच.

या शोकाचे स्वरूप आपल्याहून भिन्न आहे. आपल्याकडे पितरांचे तर्पण एकटा मनुष्य गोदेच्या पाण्यात उभा राहून करू शकतो. यहुदी रूढीत मृतासाठी म्हणावयाचा 'कद्दिश' हा आरामी भाषेतील पाठ दहा प्रौढ पुरुष जमल्यावाचून म्हणता येत नाही. आणि नवल असे की, त्या पाठात मृत्यूचा उल्लेखही नाही, केवळ ईश्वराची स्तुती आहे. म्हणजे ज्या गावी दहा पुरुष उरले नाहीत, त्या गावी घरातले माणूस गेल्याचे दुःख विधिपूर्वक करण्याचीही सोय राहिली नाही. कोकणातील या समाजाच्या ऱ्हासाचे याहून कठोर माप आम्हांस ठाऊक नाही.

आता दप्तराकडे वळू. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही यांची मूळ कथा. तीस परंपरा म्हणावे, प्रमाण म्हणू नये. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' हे नाव पडले. किहीमकर, अष्टमकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे गावांवरून आलेली. समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. अलिबागचे १८४८ चे, व १९१० साली पुन्हा बांधलेले. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी आपल्या ज्ञातीचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहिला, तो त्यांच्या पश्चात १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्रायलास गेली, तेथे त्यांच्या यहुदीपणाविषयीच काही धर्मगुरूंनी शंका काढली, आणि १९६४ साली तेथील सरकारने निर्वाळा दिला तेव्हा ते प्रकरण मिटले. कोकणात ज्यांना शनिवारावरून ओळखले जात होते, त्यांना यरुशलेमात ओळख पटवावी लागली!

कोकणच्या या विषयाशी आम्हां बीडकरांचा संबंध काय, असे कोणी विचारील. उत्तर कीर्तनात आहे. १८८० च्या सुमारास या मंडळींनी हरिकीर्तनाचा घाट उचलून अब्राहामादि पूर्वजांची आख्याने मराठी पद्यात रचली व झांज-मृदंगाच्या थाटात गाइली. पुण्यास १८७४ साली छापलेल्या त्यांच्या हगादा ग्रंथात हिब्रूशेजारी मराठी भाषांतर असून चित्रातील स्त्रिया लुगडी नेसून बेखमीर भाकरी करीत आहेत. मुकुंदराज-दासोपंतांच्या आंबेजोगाईच्या परिसरातील संग्राहकास हे वाङ्मय परके वाटू नये. स्टीफन्सच्या १६१६ च्या क्रिस्तपुराणास आपण मराठीत मानाचे पान दिले. हगादा व कीर्तने मात्र आपल्या याद्यांत क्वचितच आढळतात. दासोपंतांची ४० फुटी पासोडी आज पाहावयास मिळते, ती कोणीतरी पिढ्यानुपिढ्या घडी घालून जपली म्हणून. कादंबरीतील रेचेल तेच काम करीत आहे. परंतु तिच्यामागे वंश त्या गावी उरलेला नाही.

कादंबरीचे दोषही सांगितले पाहिजेत. तिच्यातील समितीचे कारस्थान हे कल्पित आहे; ते कोणत्याही विशिष्ट मंदिराच्या इतिहासात घालू नये. शिवाय मराठी बोलणाऱ्या बाईची कथा इंग्रजीत वाचताना तिच्या बोलण्याची चव हरपते, हे आम्हांस विशेष खटकले.

संग्राहकांसाठी एक व्यवहाराची सूचना. हे लोक आपल्या प्रार्थनामंदिरास 'मशीद' म्हणत, धर्मकृत्ये चालविणारास 'काजी' म्हणत, आणि एलिया पैगंबराच्या नावे 'मलिदा' करीत. पुण्याचे १८६७ चे यहुदी मंदिर लोकांच्या तोंडी 'लाल देऊळ' आहे. त्यामुळे मशीद, काजी हे शब्द पाहून कागद मुसलमानी रुमालात, आणि समाजी, हसाजी ही नावे पाहून मराठा घराण्यांच्या रुमालात बांधला जाण्याचा संभव मोठा आहे. कुलाबा प्रांतातील जे रुमाल ज्यांच्यापाशी असतील, त्यांनी ते या दृष्टीने एकवार पुन्हा सोडून पाहावेत; आणि शिळाछापाच्या पुस्तकांत १८४६ चा मुंबईचा हगादा आढळल्यास त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी.