तीन रेघांचा आलेख

२३ जून १९८८. वॉशिंग्टनमध्ये मरणाचा उकाडा होता. नासाच्या गोडार्ड संस्थेचे जेम्स हॅन्सेन यांनी त्या दिवशी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सांगितलं, की पृथ्वी तापतेय आणि हा निव्वळ निसर्गाचा लहरीपणा नाही याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे. पुढे तापमान किती वाढेल याचा एक आलेखही त्यांनी दाखवला. त्यावर एक नाही, तीन रेघा होत्या. पुढची तीस वर्षं बरंचसं भांडण या तीन रेघांवरून झालं.

आधी त्यांचं मॉडेल कसलं होतं ते बघू. त्या वेळच्या संगणकाच्या ताकदीत बसावं म्हणून पृथ्वीचे ८ अंश बाय १० अंशांचे चौकोन पाडले होते. म्हणजे अख्खा महाराष्ट्र मावेल एवढा एकेक चौकोन! एवढ्या जाड्याभरड्या जाळीतून जगाचं सरासरी तापमान काढायचं होतं.

पण रेघा तीन कशाला? तर हवेचं भौतिकशास्त्र संगणकाला शिकवता येतं, माणसं उद्या किती कोळसा जाळतील हे कोणत्या समीकरणात बसवणार? म्हणून तीन शक्यता धरल्या. 'ए' मध्ये वायू वाढत्या वेगाने सोडले जातात. 'बी' मध्ये वाढ साधारण एकाच गतीने होते. 'सी' मध्ये जग शहाणं होतं आणि २००० नंतर वायूंचा वाढीव परिणाम थांबतो. 'बी' आणि 'सी' मध्ये १९९५ साली एक मोठा ज्वालामुखी फुटेल असंही धरलं होतं. (खरा पिनाटुबो फुटला १९९१ मध्ये.) सगळ्यात संभवनीय म्हणून हॅन्सेन यांनी 'बी' कडे बोट दाखवलं होतं.

आता खरी गंमत. १९९८ मध्ये पॅट्रिक मायकल्स या हवामानतज्ज्ञाने अमेरिकन काँग्रेसपुढे साक्ष देताना हाच आलेख आणला, पण त्यात फक्त 'ए' ची रेघ ठेवली. बाकी दोन गायब! साहजिकच हॅन्सेन साफ चुकलेले दिसले. मायकेल क्रायटनच्या २००४ च्या 'स्टेट ऑफ फिअर' कादंबरीत तर अंदाज ३०० टक्क्यांनी चुकल्याचं छापून आलं.

मग हॅन्सेन तंतोतंत बरोबर होते का? नाही. 'बी' ची रेघसुद्धा २०१७ पर्यंतच्या प्रत्यक्ष तापमानवाढीच्या सुमारे दीडपट निघाली. टीकाकारांच्या म्हणण्यात एवढं तथ्य होतंच.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा इथे नेहमीचा प्रश्न: उत्तर चुकलं, पण कोड चुकलाय की इनपुट? इथे मोठा वाटा इनपुटचा होता. 'बी' मध्ये धरलेल्यापेक्षा मिथेन आणि सीएफसी प्रत्यक्षात कमी वाढले. सीएफसीला तर १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने लगाम घातला. झीक हाउसफादर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जुन्या मॉडेलांची तपासणी केली, तेव्हा प्रत्यक्ष वायूंचा परिणाम हिशेबात घेतल्यावर हॅन्सेन यांचं मॉडेल निरीक्षणांशी जुळलं. कोडही अगदी निर्दोष नव्हता म्हणा. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर ते ४.२ अंश वाढ दाखवायचं. आयपीसीसीचा २०२१ चा सर्वोत्तम अंदाज ३ अंश आहे.

म्हणजे वाद दोन आहेत: निसर्ग कसा वागेल आणि माणूस कसा वागेल. पहिल्याचं उत्तर शास्त्रज्ञ देतील. दुसऱ्याचं त्यांच्याकडे नाही, म्हणून ते 'जर-तर' च्या भाषेत बोलतात. त्यातला 'जर' कोणी खोडला, की उरलेला 'तर' खोटा पाडणं फार सोपं. या खोडाखोडीत वर्षं गेली, आणि धोरण ठरवणाऱ्यांच्या हातात वाया घालवायला नेमकी वर्षंच नव्हती.

असो. यापुढे कोणी एकाच रेघेचा आलेख दाखवून हसायला लागला, तर आधी एवढंच विचारा: बाकीच्या रेघा कुठायत?