तालाचे ऋण आणि नामनिर्देश

लोकसंगीताच्या इतिहासात चालीचा प्रवास जितक्या आस्थेने तपासला जातो, तितक्या आस्थेने ती गाणाऱ्या-वाजविणाऱ्याचे नाव तपासले जात नाही. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात, पेण-रोहे भागातील आगरी समाजाच्या लग्नविधीत धवलारीण धवळे गाते. विधीत तिला मान असतो. पण धवळा कोणाकडून आला हे सहसा कोणी विचारीत नाही. या उपेक्षेचे फलित काय, हे एका परदेशी उदाहरणावरून पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

फंक हा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा, १९६५ च्या सुमारास आकारास आलेला संगीतप्रकार. त्यात ताल प्रधान असून भर पहिल्या मात्रेवर, आपल्या समेसारखा, असतो. १९७३ पासून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात अशा तबकड्यांतील केवळ वाद्यांचे तुकडे पुनःपुन्हा वाजविले जाऊ लागले. त्यांवर लयबद्ध पठणाची जोड मिळून हिप-हॉप घडले. बीस्टी बॉईज या तीन गोऱ्या तरुणांच्या समूहाची पहिली ध्वनिमुद्रिका (१९८६) अमाप खपली. दुसरीत तिचीच पुनरावृत्ती त्यांनी केली नाही. 'पॉल्स बुटीक' (१९८९) मध्ये त्यांनी डस्ट ब्रदर्स या संयोजकांसह सुमारे शंभर जुन्या गीतांचे तुकडे सांधले. 'एग मॅन'ला कर्टिस मेफील्डचा, तर 'शॅड्रॅक'ला स्लाय अँड द फॅमिली स्टोनचा आधार आहे. आरंभी खप अल्प झाला. पुढे ती श्रेष्ठ गणली गेली.

डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने एका खटल्यात परवानगीवाचून घेतलेला तुकडा बेकायदा ठरविला. तथापि कायदा हक्कदारास ओळखतो, वादकास नव्हे. 'फंकी ड्रमर' या गीतातील क्लाइड स्टबलफील्डचा ठेका असंख्य गीतांत वापरला गेला. परंतु गीताचा रचनाकार म्हणून नोंद जेम्स ब्राऊनची असल्याने स्टबलफील्डला त्या हक्कातील वाटा मिळाला नाही. २०१७ मध्ये तो निवर्तला.

याउलट मुंबईच्या 'स्वदेसी' समूहाने 'द वारली रिव्होल्ट' (२०१९) मध्ये आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचे नाव स्वतःच्या नावाशेजारी दिले. ही रीत आपणांस परकी नाही. तेराव्या शतकातील महदंबेचे धवळे आज तिच्या नावाने ओळखले जातात, कारण महानुभावांनी ते नाव लिहून ठेवले. धवळे गाणाऱ्या इतर किती स्त्रिया त्या काळी असतील! त्यांच्या वाट्यास लेखक आला नाही, एवढाच भेद.

म्हणून पेण-रोहे भागात ध्वनिमुद्रण करणाऱ्या अभ्यासकाने चालीबरोबर धवलारणीचे नाव, गाव, दिनांक आणि तिने ती कोणाकडून घेतली हे, तिच्या संमतीने, नोंदवावे. उद्या त्या चालीवर कोणी नवी रचना करील, आणि ते इष्टच आहे. मात्र ऋण कोणाचे, हे सांगणारा कागद आज आपणच लिहावयास हवा.