नाकातली काडी आणि पुण्याचा रस्ता



परतवारीला आपल्या नरसीत पाय ठेवायला जागा नसते. पाऊस, गर्दी, आणि मागोमाग सर्दी-खोकला हे ठरलेलंच. आपण म्हणतो, "व्हायरल आहे." पण कोणता व्हायरस? हे कळायची सोय आपल्यापर्यंत कशी आली, तो इतिहास बघण्यासारखा आहे.

1952 साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं. 1978 पासून तीच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही. जुन्या काळी घशातला नमुना कोंबडीच्या उबवत्या अंड्यात टाकून विषाणू वाढवायचे. त्यात दिवसच्या दिवस जायचे. 1983 मध्ये पीसीआरची पद्धत सापडली आणि हेच काम काही तासांवर आलं.

2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. तपासणीसाठी लोकांच्या रांगा लागल्या. शेवटी सरकारला सांगावं लागलं की साध्या सर्दीतापाला स्वॅब नको, गंभीर रुग्णाचाच घ्या.

मग 2020 आलं. पायी वारी थांबली. आपल्या हिंगोलीचे स्वॅब बर्फाच्या डब्यातून आधी औरंगाबादला, नंतर नांदेडला जायचे. रिपोर्ट येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला. खासगी लॅबला मार्चमध्ये 4500 रुपयांची मर्यादा होती. तीच तपासणी 31 मार्च 2021 ला राज्यात 500 रुपयांवर आली. म्हणजे लॅब वाढल्या, किट इथेच बनू लागले, की भाव उतरतो. पहिलं मंजूर देशी किट पुण्याच्या मायलॅबचंच होतं.

16 मे 2021. कळमनुरीचे आपले खासदार राजीव सातव गेले. कोरोनातून सावरत असताना त्यांच्या शरीरात सायटोमेगॅलो नावाचा दुसराच विषाणू सापडल्याचं तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं होतं. हे नाव जिल्ह्यानं त्या दिवसांत पहिल्यांदा ऐकलं. एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे आजार संपला असं नसतं, हे तेव्हा कळलं.

आज एकाच स्वॅबमधून फ्लू, आरएसव्ही, अ‍ॅडिनो, एचएमपीव्ही असे कितीतरी विषाणू तपासता येतात. प्रत्येक शिंकेला ही तपासणी नको, ते 2009 नेच शिकवलंय. पण तान्हं लेकरू धापा टाकतंय, म्हातारीचा ताप उतरत नाही, तिथं नाव कळलं तर उपचार बदलतो. फ्लूवर औषध आहे. नुसता विषाणू असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, उगाच खिसा रिकामा.

काडी नाकात घालायला दहा सेकंद लागतात. बाकी सगळा वेळ रस्त्याचा असतो. 2020 ला तो रस्ता थोडा जवळ आला, तो पुन्हा लांबू देऊ नका. ग्रामसभेत हा विषय कोण मांडतंय? कमेंटमध्ये बोला.