भोवरकडी

थाप मारायला माणसाला समुद्र लागत नाही, टेलिफोन पुरतो.

आमचे व्याही रत्नागिरीचे. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी खडपावर बसून गरवतात, म्हणजे गळ टाकून मासे धरतात. एकदा फोनवर म्हणाले, "या की एकदा गरवायला." मी म्हणालो, "येतो की! येताना काही आणू का? आमच्या चिखलीत सगळं मिळतं." हे शेवटचं वाक्य मी केवळ बुलढाणा जिल्ह्याच्या अब्रूखातर बोललो होतो. पण व्याही कोकणातले. त्यांनी माझा शब्द खाली पडू दिला नाही. म्हणाले, "मग दोन डझन स्विव्हल आणि थोडे क्रिंप घेऊन या."

फोन ठेवल्यावर सौभाग्यवतींनी विचारलं, "काय आणायला सांगितलं हो?"

"औषधं असावीत," मी म्हणालो.

आता चिखली आणि समुद्र यांचा संबंध काय, तर काही नाही. समुद्र रस्त्याने चारशे किलोमीटरांहून लांब. बरं, आम्ही घाटावरची माणसं. आमच्या जिल्ह्यात उगम पावणारी पैनगंगा पाणी घेऊन जाते ती वर्धेला, पुढे गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमच्या पाण्यानेसुद्धा कोकणाकडे पाठ फिरवलेली! खारं पाणीच हवं तर जिल्ह्यात लोणार आहे. पण ते अभयारण्य, शिवाय २०२० पासून रामसर यादीत. तिथे गळ टाकून बसलो असतो तर मासा राहिला बाजूला, वनखात्याने मलाच धरलं असतं.

तरी हार्डवेअरच्या दुकानात गेलोच. स्विव्हल म्हणजे काय हे हातवारे करून सांगितलं : दोन कड्या, मध्ये सांधा, एक कडी फिरली तरी दुसरी स्थिर. दुकानदाराचा चेहरा उजळला. आत जाऊन त्याने ठणकन् एक वस्तू गल्ल्यावर ठेवली. "हे घ्या काका."

"अरे, ही म्हशीच्या साखळीची भोवरकडी!"

"मंग? तुमी सांगतलं तेच तं हाय. कायले पायजे?"

"मासे धरायला."

त्याने माझ्याकडे, मग भोवरकडीकडे पाहिलं आणि अत्यंत आदराने विचारलं, "केवढा मासा हाय काका?"

शेवटी मुंबईच्या भाच्याला साकडं घातलं. पुडकं येईपर्यंत आठवडा होता. व्याह्यांसमोर अगदीच अडाणी दिसू नये म्हणून वाचनालयात जाऊन बसलो. आणि तिथे मला एक राजा भेटला.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य मिळवण्यापासून भोजनापर्यंत शंभर प्रकरणं, आणि त्यांतलं एक चक्क 'मत्स्यविनोद'! विनोद म्हणजे तेव्हा करमणूक. आमच्यासारख्यांनी लिहायला घेतल्यापासून ती राहिली नाही, ही गोष्ट वेगळी. या प्रकरणात समुद्रातले मासे, नदीतले मासे, खवल्यांचे, बिनखवल्यांचे, त्यांना काय खायला घालावं, दोरी कशी, गळ कसा, सगळं आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहिला. मला धीर आला तो वेगळ्याच कारणाने. ही कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. समुद्र तिथूनही दिसत नाही! समुद्रापासून लांब बसून समुद्रातल्या माशांवर बोलण्याची परंपरा चांगली नऊशे वर्षांची आहे, आणि तिचा मूळ पुरुष सिंहासनावर बसत होता.

पुढचा इतिहास धंद्याचा. इंग्लंडात रेडिच नावाचं गाव सुया करणाऱ्यांचं. सुई वाकवली की गळ होतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते गाव गळांसाठीही गाजलं. नॉर्वेतला मुस्टाड कारखाना १८३२ सालचा. तिथे १८७७ च्या सुमारास गळ करणारं यंत्र निघालं. दोरी मात्र रेशमाची, सुताची, घोड्याच्या केसांचीसुद्धा असे. मग १९३५ साली अमेरिकेत कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत नायलॉन जन्मलं. बायकांच्या मोज्यांतून ते समुद्रात उतरलं आणि दोरी बळकट झाली. पण नायलॉनचा स्वभाव सुनेच्या माहेरच्यांसारखा. जुनं काही विसरत नाही! एकदा वळण पडलं की पडलं. पीळ बसला की गुंता. शिवाय जाड नायलॉन ताठ आणि गुळगुळीत. गाठ नीट आवळत नाही. म्हणून पीळ काढायला स्विव्हल, आणि गाठीऐवजी धातूची इवलीशी नळी दोरीवर चेपून बसवायची, तो क्रिंप. बुटाच्या नाडीच्या टोकाला पत्रा असतो ना, त्याचा हा सख्खा भाऊ.

एवढी विद्या आणि भाच्याचं पुडकं घेऊन मी रत्नागिरीला पोचलो. व्याह्यांनी माझ्या स्विव्हल तळहातावर ओतल्या. हरभऱ्याएवढ्या टपोऱ्या! "जरा मोठ्याच आणल्यात," ते सौम्यपणे म्हणाले. "स्विव्हल दोरीपेक्षा बळकट हवी, पण त्यात बसेल तेवढी लहान. मोठीचं वजन आमिषाला खाली ओढतं, आणि मासाही बुजतो." मग क्रिंप. भाच्याने ॲल्युमिनियमचे पाठवले होते, ते नायलॉनला बरोबर. पोलादी तारेला तांब्याचे लागतात, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजतं. भोक मात्र असं हवं की दोरीचे दोन पदर जेमतेम जातील.

"चेपायला काय आणलंत?"

मी पिशवीतून घरची पक्कड काढली. व्याही काही बोलले नाहीत. पाहुण्याला बोलायचं नाही ही त्यांच्या घरची रीत असावी. मी दातेरी पकडीने क्रिंप टोकापासून टोकापर्यंत करकचून आवळला.

तासाभराने दोरी ताणली गेली. पाण्यात काहीतरी चमकलं, आणि दोरी हलकी झाली. ओढून पाहिली तर क्रिंपच्या तोंडाशीच तुटलेली.

"दोन्ही टोकं न चेपता जराशी मोकळी ठेवायची," व्याही म्हणाले. "नाहीतर नळीची कड दोरी कापते. अति आवळलं की असं होतं."

ते वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं.

नऊ-दहा वर्षांचा असेन. शहाणपणा दाखवायला मी गोऱ्हा खुंट्याला नुसत्या दाव्याने बांधला, भोवरकडी न लावता. तो खुंट्याभोवती फिरत राहिला, दाव्याला पीळ बसत गेला आणि तो पीळ त्याच्या गळ्याशी आला. वडील धावत आले, त्यांनी विळ्याने दावं कापलं. मला मारलं नाही. आडकित्त्याएवढी लोखंडी भोवरकडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "फिरव." फिरवली. "जनावर फिरणारच. आवळून धरलं का गळा धरते. फिरू दिलं का ऱ्हाते."

१९७२ च्या दुष्काळात बैलजोडी विकली, तो गोऱ्हाही गेला. पुन्हा बैल काही घेणं झालं नाही. मी नोकरीला लागलो. भोवरकडी मात्र वडील गेले तरी दाराआडच्या खिळ्याला होती. दर दिवाळीला ती भंगारात टाकायला मी काढायचो आणि पुन्हा लटकवायचो. या खेपेला, दुकानातल्या फजितीची गंमत सांगायला म्हणून, ती पिशवीत घालून आणली होती.

मी ती व्याह्यांपुढे ठेवली. त्यांनी एक कडी धरली, दुसरीला बोटाने टिचकी दिली. इतक्या वर्षांनीही ती भिरभिर फिरली. ते बराच वेळ पाहत राहिले.

"कुणी केली?"

"गावच्या लोहाराने. वडिलांनी समोर बसून करून घेतली."

"मग मला कशाला सांगायला लावलंत हो एवढं?" व्याही म्हणाले. "तुमच्या घरात सगळं होतंच की."

चिखलीत सगळं मिळतं, हे माझं वाक्य इतकं खरं ठरेल असं मलाही वाटलं नव्हतं.

परत आल्यावर भोवरकडी खिळ्याला लावली आणि पुन्हा त्याच दुकानात गेलो. व्याह्यांच्या शेजाऱ्याला होडीच्या दोरासाठी तशीच एक हवी होती. दुकानदाराने ती गल्ल्यावर ठेवली आणि आवाज खाली आणून विचारलं,

"काका, सापडला का मंग तो मासा?"