आतून लागलेली कडी

रहस्यकथा हे रिकामटेकड्यांचे वाचन, असे मानणारे आमच्या कामगार चळवळीतही पुष्कळ भेटतात. आम्ही मात्र त्या आवडीने वाचत आलो, आणि त्यांतील एका तऱ्हेने आम्हांला नेहमीच विचारात पाडले. जगापासून तुटलेले घर, आत वर्षानुवर्षांच्या ओळखीची माणसे, आणि सकाळी त्यांतले एक मरून पडलेले. बाहेरून कोणी येणे शक्य नाही. तेव्हा खुनी आपल्यांतलाच! या कथेचा इतिहास म्हणजे आमच्या मते एका प्रश्नाचा इतिहास होय: संशय प्रथम कोणावर घ्यावा?

त्याचे मूळ एका खऱ्या खुनात आहे. १८६० च्या जूनअखेर इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, रोड या खेड्यात, केंट कुटुंबातले चार वर्षांचेही नसलेले मूल रात्री बिछान्यातून नाहीसे झाले आणि आवारातल्या शौचकूपात गळा चिरलेले सापडले. घर रात्री आतून बंद केलेले होते. स्थानिक पोलिसांनी मुलाच्या दाईला धरले. लंडनहून आलेला व्हिचर हा अधिकारी एका माळ्याचा मुलगा. एक झगा हरवला आहे एवढ्या धाग्यावरून त्याने घरच्याच सोळा वर्षांच्या मुलीवर, कॉन्स्टन्सवर, संशय घेतला. त्यावर एकच गहजब उडाला. खानदानी मुलीवर एक शिपाईगडी आरोप करतो म्हणजे काय! मुलगी सुटली, व्हिचरची अब्रू गेली आणि १८६४ मध्ये त्याने नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टन्सने आपण होऊन गुन्हा कबूल केला.

या प्रकरणाची छाया विल्की कॉलिन्सच्या ‘मूनस्टोन’ या १८६८ च्या कादंबरीवर स्पष्ट आहे. वाड्यातून हिरा जातो. गावचा पोलीस अंमलदार नोकरांच्या पेट्या उघडून पाहतो. मागून आलेला सार्जंट कफ म्हणतो, बाईसाहेबांपासून आरंभ करून सर्वांचीच कपाटे पाहू. बाईसाहेब तयार होतात, नोकर तयार होतात. नकार देते ती घरची लेक. झडतीच बारगळते. आम्ही उमेदवारीत असताना एका कारखान्यात हत्यारे चोरीला गेली, तेव्हा दरवाजावर कामगारांचे डबे उघडले जात होते आणि साहेबांची मोटार सलाम घेऊन बाहेर पडत होती. त्या रात्री आम्हांला कफची आठवण झाली.

पुढे या कथांना नियम घातले गेले. १९२८ मध्ये व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने वीस नियम लिहिले. त्यांतला एक असा की, नोकराला गुन्हेगार करू नये. वरवर पाहता नोकरांची ही निर्दोष सुटका वाटते. पण कारण पाहा: गुन्हेगार कसा, तोलामोलाचा माणूस हवा! संशय घेण्याच्याही योग्यतेचा नाही, तो नोकर.

अगाथा ख्रिस्तीने १९३९ मध्ये डेव्हनच्या किनाऱ्यापलीकडील बेटावर दहा माणसे नेली, ती हा भेद मोडून. तबकडीवरचा आवाज दहाही जणांवर जुन्या खुनांचे आरोप ठेवतो. त्यांत न्यायाधीश आहे, डॉक्टर आहे, तसे रॉजर्स हे नोकर जोडपेही आहे. आरोपात समानता आली. कामात मात्र नाही. रॉजर्सची बायको रात्री मरते आणि सकाळची न्याहारी त्यालाच मांडावी लागते. त्याच्यावर घाव पडतो तोही चुलीसाठी लाकडे फोडताना. आम्हांला या कादंबरीत सर्वांत भयंकर वाटली ती ती न्याहारी.

मग नोकर गेले आणि मित्र उरले. १९८७ मध्ये जपानी लेखक युकितो आयात्सुजी याने विद्यापीठातील रहस्यकथा-मंडळाचे सभासद एका ओसाड बेटावरच्या दशकोनी घरात उतरवले. सगळे बरोबरीचे, सगळे ओळखीचे. पुढे लूसी फोली हिने विद्यापीठापासूनचे मित्र नववर्षासाठी स्कॉटलंडच्या डोंगरात बर्फात अडकवले. पण तिथे एक नवल घडले. कथेचा काही भाग तिथली व्यवस्थापक स्त्री आणि शिकारीच्या रानाचा राखणदार यांच्या नजरेतून सांगितलेला आहे. पूर्वी तबक ठेवून निघून जाणारी माणसे आता पाहुण्यांकडे पाहू लागली.

तेव्हा या कथा रंजनापलीकडे काय देतात? ‘तो चांगल्या घरचा आहे’ हे पूर्वीचे प्रशस्तिपत्र. ‘तो आमचा जुना मित्र आहे’ हे त्याचेच आजचे रूप. दोन्ही प्रशस्तिपत्रे आहेत, पुरावा नव्हेत. मैत्रीचे मोल आम्ही जाणतो. मैत्रीवाचून एकही संप टिकत नाही. पण युनियनच्या पेटीचा हिशेब आम्ही जिवलग मित्राकडूनही मागतो, आणि आपला स्वतःचा आधी पुढे ठेवतो. त्याने मैत्री उणावत नाही. झडती सर्वांची, आणि आरंभ बाईसाहेबांच्या कपाटापासून, ही कफची रीत कादंबरीत त्या दिवशी हरली. बाहेर ती जिंकवणे आपल्याकडे आहे.