इंग्रजी वाक्यातील ‘सब्जेक्ट’ : एका संज्ञेचा इतिहास

व्याकरणातील संज्ञा त्या त्या भाषेच्या निरीक्षणातूनच सिद्ध होतात, असा सर्वसाधारण समज असतो. इंग्रजी व्याकरणाचा इतिहास या समजाला छेद देतो.

शब्दजातींची परंपरा मूळची ग्रीक. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणात ८ शब्दजाती आहेत. लॅटिनमध्ये उपपद नव्हते. तेव्हा रोमन वैयाकरणांनी केवलप्रयोगी अव्ययाला स्वतंत्र स्थान देऊन आठाचा आकडा राखला. १५८६ मध्ये विल्यम बुलोकरने पहिले इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केले, तेही लॅटिनच्या साच्यावर. १६५३ मध्ये जॉन वॉलिसने इंग्रजीवर लॅटिनचे नियम लादण्यास आक्षेप घेतला. परंतु त्याचा हा ग्रंथही लॅटिनमध्येच आहे. लॅटिनमध्ये विशेषण नामाप्रमाणेच विभक्ती घेई, म्हणून ते नामाचाच पोटभेद गणले जाई. इंग्रजी विशेषण विभक्ती घेत नाही. तरीही त्याची स्वतंत्र जात रूढ होण्यास अठरावे शतक उजाडावे लागले. रॉबर्ट लौथच्या १७६२ च्या व्याकरणात ती ९ शब्दजातींपैकी एक आहे.

‘सब्जेक्ट’ आणि ‘प्रेडिकेट’ ही जोडी तर मुळात तर्कशास्त्राची. ज्याविषयी विधान करावयाचे ते आणि जे विधान करावयाचे ते, हा भेद ॲरिस्टॉटलचा. १६६० च्या पोर्ट-रॉयल व्याकरणाने वाक्याला मनातील निर्णयाचे शब्दरूप मानले आणि या जोडीला वाक्यविचारात तात्त्विक अधिष्ठान लाभले. मात्र ‘इट इज रेनिंग’ या वाक्यातील ‘इट’विषयी कोणते विधान केले जाते? तर्कदृष्ट्या ते रिक्त आहे, रचनादृष्ट्या अपरिहार्य. इंग्रजीत ‘सब्जेक्ट’ हे प्रथमतः वाक्यातील एक स्थान आहे. १९५२ मध्ये चार्ल्स फ्रीझने शब्दवर्ग स्थानावरून ठरवले व जुनी नावे टाळून त्यांना क्रमांक दिले. १९६५ मध्ये चॉम्स्कीने ‘सब्जेक्ट’ची व्याख्या रचनावृक्षातील संबंधावरून केली. या दोन्ही भूमिकांमागे हीच जाणीव आहे.

मराठीत या एका संज्ञेसाठी आपण कधी ‘कर्ता’ म्हणतो, कधी ‘उद्देश्य’. पहिली संज्ञा संस्कृत कारकविचारातील, दुसरी मीमांसेच्या परिभाषेतील; दोहोंचा रोख वेगळा. ‘रामाने चिंच खाल्ली’ या वाक्यात कर्ता राम, पण क्रियापदाचे लिंगवचन चिंचेप्रमाणे. इंग्रजी कर्तरी वाक्यात क्रिया करणारा आणि क्रियापदाशी सुसंवाद राखणारा सहसा एकच असतो. येथे ते विभागले जातात.

हा प्रश्न केवळ वैयाकरणांचा नाही. इंग्रजी कर्मणी वाक्य वाचताना समीक्षक ‘येथे कर्ता लोपला आहे’ असे लिहितो, तेव्हा वाक्यातील ‘सब्जेक्ट’ जागेवरच असतो. अदृश्य होतो तो क्रिया करणारा. सत्तेची भाषा नेमकी याच फटीत वावरते. ‘चुका झाल्या’ असे सांगणाऱ्या निवेदनात वाक्य पूर्ण असते, उत्तरदायित्व मात्र निराधार राहते. दोन परंपरांच्या संज्ञा एकमेकींत मिसळू दिल्या, तर शैलीविचाराला हा फरक नोंदवण्याचे साधनच उरत नाही.